टीमचा विश्वास कमवायचाय? वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती वाजता पोचते ते आधी बघा

टीम लीड झालं की पहिल्या महिन्यात कोणीतरी सल्ला देतंच, टीमला बाहेर घेऊन जा, बाँडिंग होईल. मग कर्जत नाहीतर अलिबागचा एक रिसॉर्ट, रेन डान्स, दोन-तीन खेळ ज्यात कोणालाच इंटरेस्ट नसतो, ग्रुप फोटो, आणि सोमवारी परत तेच, कोणी कोणाला खरं सांगत नाही. आउटिंगला माझा विरोध नाही, फुकटचा स्विमिंग पूल मलाही आवडतो, पण त्याने फार तर ओळख वाढते. विश्वासाचा प्रश्न येतो मंगळवारी दुपारी साडेचारला, जेव्हा कोणाचं तरी काहीतरी बिघडलेलं असतं आणि तो माणूस ठरवत असतो की हे आत्ता लीडला सांगावं की संध्याकाळपर्यंत गुपचूप आपणच निस्तरून बघावं.

माझ्या मते लीडवर टीमचा किती विश्वास आहे हे मोजायचं एकच माप आहे, वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर येते. बाकी सगळं, म्हणजे हसून बोलणं, वाढदिवसाचा केक, 'आपण फॅमिली आहोत' वगैरे, हे दाखवण्यापुरतं असू शकतं. वाईट बातमी कोणी दाखवण्यापुरती देत नाही.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला होता, पेशंटला औषध देताना किती चुका होतात असा विषय. अपेक्षा अशी की जी टीम चांगली चालते तिथे चुका कमी असणार. आकडे उलटेच आले, चांगल्या टीम्समध्ये चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर लक्षात आलं की त्या टीम्स जास्त चुकत असतील असं नाही, त्या जास्त बोलत होत्या. बाकीच्या वॉर्डांत चूक झाली की ती दाबली जायची कारण वरून काय येणार ते माहीत असायचं. पुढे १९९९ च्या पेपरमध्ये त्यांनी सायकॉलॉजिकल सेफ्टी, म्हणजे चूक सांगितली किंवा प्रश्न विचारला तर आपल्याला त्रास होणार नाही असा भरवसा, ही कल्पना टीमच्या संदर्भात नीट मांडली, आणि चांगली टीम कशामुळे बनते हे शोधायला गूगलने २०१२ मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट अॅरिस्टॉटलमध्ये १८० टीम्स तपासल्यावर हीच गोष्ट सगळ्यात वर आली, टीममध्ये कोण कोण हुशार आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात हे जास्त महत्त्वाचं निघालं.

आता कामाचं. खाली जे लिहिलंय ते साधारण त्याच क्रमाने करा, निदान पहिल्या तीन गोष्टी तरी.

आधी मोजा, मग बोला

दोन आठवडे फक्त नोंद ठेवा, कोणाला सांगू नका. वहीत नाहीतर फोनमध्ये, प्रत्येक अडचणीसाठी एक ओळ: गोष्ट कधी बिघडली, मला कधी कळली, कोणाकडून कळली. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. क्लायंटकडून कळली असेल, किंवा तुमच्या बॉसने विचारलं तेव्हा कळली असेल, तर टीम तुम्हाला वळसा घालून चाललीये. दुसऱ्या टीममधल्या मित्राकडून कॅन्टीनमध्ये कळली असेल तरी तेच. ज्याच्या हातून झालं त्यानेच येऊन सांगितलं, तेही त्याच दिवशी, तर तुमचं बरं चाललंय.

ही नोंद महत्त्वाची अशासाठी की लीडला स्वतःबद्दल नेहमी चांगलंच वाटत असतं. 'माझा दरवाजा सगळ्यांसाठी उघडा आहे' असं म्हणणारे जितके मॅनेजर मी बघितलेत त्यातल्या निम्म्यांच्या दरवाज्यातून फक्त सुट्टीचे अर्ज आत गेले.

नवीन टीम मिळाली तर पहिले दोन आठवडे काही बदलू नका

प्रत्येकाला वेगवेगळं भेटा. प्रत्येकाला म्हणजे काँट्रॅक्टवर असलेला, व्हेंडरकडून आलेला, पॅन्ट्रीतल्या मावशी, रिसेप्शनवाला, सगळे. मावशींना ऑफिसबद्दल जे माहीत असतं ते एचआरला माहीत नसतं, पण म्हणून त्यांच्याकडून गॉसिप काढू नका, फक्त 'तुम्हाला आमच्या बाजूने काही त्रास होतोय का' एवढं विचारा.

तीन प्रश्न पुरतात. तुझा वेळ सगळ्यात जास्त कशात फुकट जातो? आधीच्या लीडची कोणती गोष्ट चालू राहिली पाहिजे? आणि कोणती गोष्ट मी चुकूनही करू नये? तिसऱ्या प्रश्नाला सुरुवातीला सगळे 'नाही नाही, काही नाही' म्हणतात. तेव्हा गप्प राहा. पाच-सात सेकंद शांतता ठेवता आली की माणूस बोलतो, आपल्याला ती शांतता सहन होत नाही म्हणून आपणच बोलायला लागतो हा खरा प्रॉब्लेम.

टीममध्ये तुमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठं कोणी असेल तर त्यांच्याकडे आधी जा, आणि त्यांना तुमच्या केबिनमध्ये बोलावू नका, तुम्ही त्यांच्या डेस्कवर जा. बाकी ऑफिसात सगळे नावाने हाक मारत असले तरी त्यांना 'तुम्ही'च म्हणा. तिशीतला पोरगा बॉस म्हणून आला की त्यांना राग पोस्टचा नसतो, त्यांनी अमुक सिस्टीम उभी राहताना बघितलीये आणि आता त्यांना कोणी काही विचारतच नाही याचा असतो. मीटिंगच्या आदल्या दिवशी 'हे मी असं मांडणार आहे, यात कुठे फसेल असं वाटतं तुम्हाला?' एवढं विचारलं तरी पुष्कळ काम होतं. नुसतं विचारून सोडू नका, त्यांनी सांगितलेलं वापरलंत तर मीटिंगमध्ये त्यांचं नाव घ्या.

दोन आठवड्यांनी सगळ्यांना एकत्र बसवून सांगा, तुमच्याकडून मी हे हे ऐकलं, यातलं अमुक या आठवड्यात करतोय, अमुकला तीन महिने लागतील, आणि अमुक होणार नाही, कारण हे. 'होणार नाही'वाली यादी लपवू नका, तीच ऐकून लोकांना कळतं की बाकीचं तुम्ही खरं बोलताय. आणि लगेच करायच्या यादीत एक तरी अशी गोष्ट घ्या जिचा रोज त्रास होतो. उदाहरणार्थ संध्याकाळी साडेसहाचा स्टेटस कॉल. त्या कॉलमुळे कल्याण-विरारच्या लोकांची ठरलेली लोकल सुटते, ग्रुप सुटतो, बसायला जागा नाही, घरी पोचायला नऊ वाजतात. तो कॉल सकाळी अकराला घेतला तर कंपनीचा एक रुपया खर्च होत नाही.

वन-ऑन-वन, पण स्टेटस विचारायला नाही

टीममधल्या एकेकाला एकट्याने भेटायचं, दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी, अर्धा तास, ठरलेल्या वेळी. टीम आठ-दहा जणांपेक्षा मोठी असेल तर पंधरा दिवसांनीच जमेल, खोटा उत्साह दाखवून दर आठवड्याचं लावाल आणि तिसऱ्या आठवड्यापासून कॅन्सल करत सुटाल. क्लायंट कॉल आला तर वन-ऑन-वन पुढे ढकला, पण त्याच आठवड्यात घ्या आणि नवीन वेळ तुम्ही द्या, समोरच्याला मागायला लावू नका.

काचेच्या केबिनमध्ये नको, बाहेरून सगळा फ्लोअर बघत असतो की कोणाला किती वेळ आत ठेवलंय. खाली टपरीवर कटिंग घेत उभं राहून, नाहीतर बिल्डिंगला एक चक्कर मारत बरं होतं. शेजारी शेजारी चालताना लोक जे बोलतात ते समोरासमोर बसून बोलत नाहीत.

पहिली पंधरा मिनिटं त्याची, तुमची नाही. 'सध्या कुठे अडकलायस?' 'माझ्या कोणत्या गोष्टीने तुझं काम वाढतंय?' 'पुढच्या महिन्यात घरचं काही आहे का, ज्याचा मी आत्ताच विचार करायला हवा?' शेवटचा प्रश्न आपल्याकडे खूप उपयोगी पडतो. आई-वडिलांचं ऑपरेशन, मुलाची दहावी, भाड्याचं घर बदलायचंय, अशा गोष्टी माणूस आपणहून सांगत नाही, आणि मग अचानक दोन दिवस आला नाही की आपण चिडतो. पण घरचं सांगायची जबरदस्ती नको, कोणी 'काही नाही सर' म्हटलं तर विषय सोडून द्या.

शब्द द्या तर तारखेसकट द्या

सुट्टी, बदली, नवीन लॅपटॉप, सीट बदलून मिळणं, ट्रेनिंग, असल्या गोष्टींवर 'बघूया' म्हणून आपण पुढे जातो आणि विसरतो, समोरचा विसरत नाही. त्यामुळे दिलेला प्रत्येक शब्द लिहून ठेवा आणि शुक्रवारी पाच मिनिटं ती यादी बघा. झालं असेल तर सांगा, नसेल झालं तर तेही सांगा, कोणी विचारायच्या आधी. 'आयटीकडे अडकलंय, बुधवारी परत विचारतो' एवढा एका ओळीचा मेसेज पुरतो.

गणपतीच्या सुट्टीचं उदाहरण घ्या, मुंबईत याच्यावरून जितकी मनं दुखावतात तितकी पगारावरून पण दुखावत नसतील. कोकणात जाणाऱ्याला रेल्वेचं रिझर्व्हेशन करायचं असतं, ते नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं आणि काही मिनिटांत वेटिंगवर जातं. म्हणजे तुम्ही सुट्टी गणपतीच्या दहा दिवस आधी मंजूर केलीत तर कागदावर तुम्ही 'दिली', प्रत्यक्षात त्या माणसाने दोन महिन्यांपूर्वी तुमच्यावर भरवसा न ठेवता तिकीट काढलेलं असतं आणि तेव्हापासून तो तुम्हाला घाबरून आहे. त्यामुळे बुकिंग उघडायच्या पंधरा दिवस आधी टीमला बसवा, गणपती, दिवाळी, ईद, छठ, नाताळ सगळं एकदाच मांडा, कोण कधी जाणार, कोण कोणाचं काम बघणार ते त्यांनाच ठरवू द्या, तुम्ही फक्त हे बघा की दर वर्षी तोच माणूस मागे राहत नाहीये. बिनलग्नाच्या पोरांना 'तुला काय, तू थांब' असं गृहीत धरतात बरेच लीड, ते आधी बंद करा.

पावसाळ्यात तर विचारूच नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, असंख्य लोक रात्रभर ऑफिसात, स्टेशनांवर, बसमध्ये अडकले, त्यातले कितीतरी जण आज मोठ्या पोस्टवर आहेत, तरीसुद्धा हवामान खात्याचा रेड अलर्ट आदल्या संध्याकाळी येऊन पडलेला असताना सकाळी साडेनऊला ग्रुपवर 'ज्यांना शक्य आहे त्यांनी या' असा मेसेज टाकणारे आहेतच. साडेनऊला विरारचा माणूस नालासोपाऱ्याच्या आसपास आणि बदलापूरचा कुर्ल्याच्या अलीकडे रुळावर पाणी म्हणून गाडीत उभा असतो. आणि लीड पवईच्या बाविसाव्या मजल्यावरून बघून म्हणतो, आमच्याकडे तर काही विशेष नाहीये. 'ज्यांना शक्य आहे' या मेसेजमधला खरा घोळ असा की निर्णय तुम्ही घ्यायचा तो तुम्ही त्याच्यावर ढकलला, आता तो आला नाही तर त्याच्या मनात धाकधूक की हे कुठेतरी लक्षात ठेवलं जाईल. निर्णय आदल्या रात्री नऊपर्यंत सांगा, स्पष्ट, 'उद्या सगळे घरून, ज्यांना ऑफिसात यावंच लागतं त्या दोघांसाठी कॅब'. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं तर पडू दे.

वाईट बातमी आली की पहिली तीस सेकंदं

सगळा खेळ इथे आहे. माणूस तुमच्यासमोर येऊन म्हणतो, 'सर, कालची फाइल चुकीच्या क्लायंटला गेली.' तुमच्या चेहऱ्यावर पुढच्या तीस सेकंदांत जे दिसेल त्यावर पुढच्या वर्षभरात टीममधलं कोण तुमच्याकडे येणार ते ठरतं, कारण तो बाहेर जाऊन सांगतोच. 'अरे असं कसं केलंस?' हा प्रश्न तोंडात येणारच, तो गिळा. त्याचं उत्तर नसतं कोणाकडे.

त्याऐवजी क्रम असा ठेवा. आधी 'बरं झालं लगेच सांगितलंस.' मग 'आत्ता काय काय थांबवता येईल?' मग 'माझ्याकडून काय हवंय, कोणाला फोन करू?' आणि का झालं हा विषय दुसऱ्या दिवशी, डोकी थंड झाल्यावर, आणि तिथेही कोणी केलं यापेक्षा कशामुळे होऊ शकलं हे विचारा. चुकीच्या क्लायंटला फाइल जाऊ शकते कारण दोन क्लायंटची नावं सारखी आहेत आणि मेल बॉक्स पहिलं अक्षर टाकलं की आपोआप नाव भरतो, मग त्यावर उपाय काढता येतो. माणूस निष्काळजी आहे एवढंच निघालं तर उपाय काय, ओरडणं.

टोयोटाच्या कारखान्यांत लाइनवरच्या कोणत्याही कामगाराला काही गडबड दिसली तर दोरी ओढून किंवा बटण दाबून इशारा देता येतो, त्याला अँडन म्हणतात, आणि इशारा झाला की टीम लीडर धावत तिथे जातो. मदत करायला जातो, जाब विचारायला नाही. वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. आपल्या ऑफिसात दोरी लावायची गरज नाही, पण ग्रुपवर कोणी 'अडकलोय' लिहिलं की दहा मिनिटांत तुमचा फोन गेला पाहिजे.

याचा अर्थ सगळं माफ असा नाही. तीच चूक तिसऱ्यांदा झाली, किंवा झालेली लपवली, तर कडक बोला, एकट्याला घेऊन, पण कडक. टीमला हेही बघायचं असतं की काम न करणाऱ्याचं ओझं लीड आपल्यावर टाकत नाही. 'सर सगळ्यांशी चांगलेच वागतात' हे कौतुक असतंच असं नाही.

बाहेर ढाल, आत खरं

१० ऑगस्ट १९७९ ला श्रीहरिकोट्याहून सोडलेलं एसएलव्ही-३ हे रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन प्रेससमोर स्वतः उभे राहिले, आणि १८ जुलै १९८० ला यश आलं तेव्हा त्यांनी प्रोजेक्टचे प्रमुख अब्दुल कलाम यांना पुढे केलं. ही गोष्ट लिंक्डइनवर दर पंधरा दिवसांनी कोणीतरी टाकतंच. पण त्यातला अर्धाच भाग टाकतात. प्रेससमोर दोष घेतला म्हणून आत कोणी 'जाऊ दे' म्हटलं नाही, नीट चिकित्सा झाली आणि दुसऱ्या टप्प्याच्या कंट्रोल सिस्टीममध्ये व्हॉल्वमुळे गळती झाली इथपर्यंत शोध लागला. बाहेर अंगावर घेणं आणि आत काटेकोर राहणं, दोन्ही लागतं. नुसतं पहिलं केलं तर तुम्ही लाडके होता, दुसरं केलं नाही तर पुढचं रॉकेटही पडतं.

रोजच्या कामात हे असं दिसतं: क्लायंट कॉलवर 'आमच्याकडून चूक झाली, दुरुस्ती उद्या दुपारपर्यंत', कोणाचं नाव नाही. कौतुकाच्या मेलमध्ये मात्र नाव आणि नेमकं काम दोन्ही, 'टीमने छान केलं' हे कोणालाच लागत नाही. 'रिकन्सिलिएशनमधला फरक हिने रविवारी शोधून काढला म्हणून सोमवारचा रिपोर्ट गेला' हे लागतं. आणि तो मेल तुमच्या बॉसलाही जाऊ द्या.

सीसीचं राजकारण

ऑफिसातला अर्धा अविश्वास मेलमधल्या सीसीच्या रकान्यात राहतो. सहकाऱ्याकडून काही येत नाहीये, आपण रिमाइंडर टाकतो आणि हळूच त्याच्या बॉसला सीसीमध्ये घेतो. काम होतं त्या दिवशी, पण तो माणूस पुढे तुमच्याशी फक्त पुराव्यासकट बोलतो. आधी फोन, मग त्याला एकट्याला मेल, मग 'उद्या बारापर्यंत नाही झालं तर मला तुमच्या मॅनेजरना घ्यावं लागेल, तुम्हाला आधी सांगतोय' असं सांगून, आणि मगच सीसी. तुमच्या टीमलाही हाच क्रम शिकवा.

व्हॉट्सअॅपवर दोनच नियम. रात्री नऊनंतर कामाचा मेसेज सुचला तर लिहून ठेवा आणि सकाळी टाका, 'उद्या बघितलंस तरी चालेल' लिहून रात्री अकराला टाकलेला मेसेज अकरालाच बघितला जातो. आणि ग्रुपवर कोणालाही झापायचं नाही, कधीच नाही.

काम सोपवायचं तर खरंच सोपवा

लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवावा असं वाटत असेल तर आधी आपण ठेवायचा, हे बोलायला सोपं आहे, अवघड असं की सोपवल्यावर हात खाजतात. एक साधी पद्धत आहे, काम देतानाच सांगा की हे कोणत्या प्रकारचं आहे: करून टाक, मला नंतर कळलं तरी चालेल, किंवा ठरव, पण करायच्या आधी मला दाखव, किंवा पर्याय आण, ठरवूया दोघं मिळून. नवीन माणसाला तिसऱ्यापासून पहिल्याकडे न्यायचं. बहुतेक भांडणं अशी होतात की लीडच्या डोक्यात दुसरा प्रकार असतो आणि समोरच्याच्या डोक्यात पहिला.

'आपला माणूस' नावाचा खड्डा

यावर कोणी फार लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर. आपल्याकडे विश्वास बरेचदा कामावरून येत नाही, गाव, भाषा, कॉलेज यावरून येतो. मुंबईच्या गिरणगावात, कापड गिरण्यांत, पूर्वी जॉबर म्हणजे मुकादम असायचा, खात्यात कोणाला लावायचं, कोणी आला नाही तर त्याच्या बदली कोणाला उभं करायचं हे त्याच्या हातात. तो आपल्या गावचे, नात्यातले लोक भरायचा, त्यांच्या अडीनडीला उभा राहायचा, आणि कामावर घ्यायचे पैसेही खायचा. त्याच्या माणसांचा त्याच्यावर भरवसा होताच की. पण तो भरवसा त्या वर्तुळापुरता, बाहेरच्याला तिथे दारच नाही. १९३१ मध्ये आलेल्या कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनच्या अहवालात या पद्धतीवर टीका झाली आणि भरतीचे, काढून टाकायचे अधिकार जॉबरकडे नसावेत असं सांगितलं गेलं.

जॉबर गेला, सवय आहे. लीड रोज त्याच तिघांबरोबर खाली चहाला जातो, तिथे बोलता बोलता काम कोणाला द्यायचं ते ठरतं, आणि वर बसलेल्यांना ते मीटिंगमध्ये कळतं. तिघं मराठी असतील आणि बाकीचे तमिळ, गुजराती, भोजपुरी बोलणारे, तर त्यांनी काय समजायचं? मी स्वतः मराठीत बोलायच्या पूर्ण बाजूने आहे, ऑफिसात, लिफ्टमध्ये, सगळीकडे बोला, पण सहा जणांच्या कामाच्या चर्चेत दोघांना न कळणारं बोललात तर ते दोघं धरून चालतात की विषय त्यांचाच होता. टपरीवर काही ठरलंच तर वर आल्यावर लगेच ग्रुपवर टाका, 'असं असं डोक्यात आलंय, कोणाला वेगळं वाटतंय का?' आणि चहाची संगत आठवड्यातून दोनदा तरी बदला. ऑफिसनंतर बसायचे जे कार्यक्रम असतात त्यात कामाचं काही ठरवू नका, डोंबिवलीला घरी जाऊन स्वयंपाक करायचा असलेली बाई तिथे कधीच नसते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे इंग्रजी. नांदेडहून, गडचिरोलीहून, नाहीतर बिहारमधून आलेला पोरगा कामात वाघ असतो आणि मीटिंगमध्ये मुका. लोक समजतात त्याला काही कळत नाही. त्याला शेवटी विचारू नका, तोपर्यंत त्याचा मुद्दा दुसऱ्या कोणीतरी छान इंग्रजीत मांडलेला असतो. सुरुवातीला विचारा, आणि सरळ सांगा, हिंदीत बोल, मराठीत बोल, मिनिट्स मी लिहितो.

अप्रेझल आणि अफवा

मार्च-एप्रिलमध्ये वर्षभर कमावलेला विश्वास एका दुपारी जाऊ शकतो. रेटिंग ऐकून माणसाला धक्का बसला तर याचा अर्थ वर्षभर तुम्ही त्याला काही सांगितलं नाही. डिसेंबरातच सांगा, आत्ता आहे तसं चाललं तर तू मधल्या रेटिंगला आहेस, वर जायचं तर या दोन गोष्टी.

बेल कर्व्हमुळे, म्हणजे वरचं रेटिंग ठरावीक जणांनाच द्यायचं या नियमामुळे, चांगल्या माणसाला कमी द्यावं लागलं तर 'माझ्या हातात नव्हतं, एचआरने केलं' म्हणून हात झटकू नका. 'मी तुझ्यासाठी वरचं मागितलं, वरच्या रेटिंगला दोघंच बसत होते, तिथे तुझ्याऐवजी अमुक निकषावर दुसरा बसला' असं सांगा, दुसऱ्याचं नाव न घेता. तो चिडेल. चिडू दे. निर्णयात तुम्ही होतात हे मान्य केलंत तर पुढच्या वर्षी तो तुमच्याशी भांडायला तरी येईल.

कपातीच्या अफवा सुटल्या की 'काही नाहीये, कामाला लागा' म्हणणं सगळ्यात वाईट, कारण पुढच्या महिन्यात काही झालं तर तुम्ही कायमचे खोटारडे. 'मला माहीत असलेलं सगळं सांगता येणार नाही, जे सांगेन ते खोटं नसेल. शुक्रवारी चार वाजता परत बोलूया.' आणि शुक्रवारी नवीन काही नसलं तरी चार वाजता बोला.

गुपित ठेवायचं कुठपर्यंत

वन-ऑन-वनमध्ये सांगितलेलं बाहेर गेलं की संपलं, पुन्हा कोणी काही सांगत नाही. पण 'कोणालाच सांगणार नाही' असं आधीच वचन देऊ नका. लैंगिक छळाची गोष्ट असेल तर तुम्ही गप्प बसायचं नाही, आणि 'मी त्याच्याशी बोलतो' म्हणून मध्यस्थीही करायची नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त लोक असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, समिती कारण लिहून आणखी तीन महिने वाढवू शकते. समितीत कोण आहे, अर्ज कुठे द्यायचा हे तुम्हाला आज पाठ असलं पाहिजे, त्या दिवशी शोधत बसलात तर ती मुलगी तुमच्या चेहऱ्यावरूनच ओळखते की इथे काही होणार नाही.

तुटलं असेल तर

माफी जिथे दुखावलं तिथेच मागायची. सगळ्यांसमोर झापलं असेल तर केबिनमध्ये बोलावून सॉरी म्हणणं हा अर्धा हिशोब झाला. आणि माफीत 'पण' घालू नका. 'काल कॉलवर मी ज्या भाषेत बोललो ते चूक होतं' एवढंच, त्यापुढे क्लायंटचं प्रेशर वगैरे नको. मग दोन-तीन महिने शांत राहा, लोक लगेच पूर्वीसारखे होत नाहीत आणि 'मी सॉरी म्हटलंय ना आता' असं तर अजिबात म्हणू नका.

कोणी राजीनामा दिला की

टीम इथे तुम्हाला सगळ्यात जास्त बघत असते. कालपर्यंत 'माझा राइट हँड' आणि आज राजीनामा दिला की त्याला मीटिंगमधून काढलं, चहाला विचारलं नाही, ९० दिवसांची नोटीस शेवटच्या दिवसापर्यंत पिळून घेतली, असं झालं तर उरलेले सगळे त्यातून आपलं भविष्य वाचतात, आणि पुढचा माणूस ऑफर लेटर हातात पडेपर्यंत तुम्हाला कळू देत नाही. का जातोयस हे एकदाच विचारा, पगाराचं असेल आणि खरंच वाढवता येत असेल तर बोला, नाहीतर काउंटर ऑफरचं नाटक नको. हँडओव्हर लेखी घ्या, शक्य असेल तर लवकर सोडा, रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या पैशांचा, पाठपुरावा तुम्ही करा, त्याला एचआरच्या मागे फिरायला लावू नका. आणि त्याच्या जागी जो येईल त्याला पहिल्याच दिवशी 'आधीचा सगळा घोळ करून गेलाय' असं ऐकवू नका, तो कॅन्टीनमध्ये अर्धा तास बसून खरं काय ते शोधून काढतो.